फोटोवाल्याच्या छातीतला डाग

आमचे हे फोटो काढतात. डोंगरदऱ्यांचे, वाघसिंहांचे वगैरे नाही. ओळखपत्राला लागतात ते. मागे निळा पडदा, पुढे स्टूल आणि स्टुलावर घाबरलेला माणूस. चाळीस वर्षं झाली, ह्या माणसाने अख्ख्या गावाला एकच गोष्ट सांगितली आहे, ती म्हणजे ‘हलू नका’. दुकानाला चांगलं नाव आहे, पाटीही आहे, पण ती कुणी वाचत नाही. ‘हलूनकांकडे जाऊन फोटो काढून ये,’ असंच लोक एकमेकांना सांगतात. मी भाजी घ्यायला गेले की भाजीवाली शेजारणीच्या कानाला लागते, ह्या हलूनकांच्या मिसेस. अडतीस वर्षं संसार करून मला मिळालेली पदवी ही.

फोटो काढणं हे ह्यांच्या मते अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे डाग काढणं, ह्यांच्या भाषेत रिटच. आता ते कॉम्प्युटरवर होतं, पण तीन केसांचा ब्रश आणि करड्या रंगाच्या चार बाटल्या अजून दुकानातल्या खणात आहेत, आणि त्या खणाला हात लावायची माझी काय बिशाद. पूर्वी निगेटिव्ह काचेवर ठेवायची, खालून दिवा लावायचा आणि पांढरा ठिपका दिसला की तो रंगाने भरून टाकायचा. त्यातही पद्धत होती. ठिपका दिसला म्हणून लगेच ब्रश उचलायचा नाही. आधी फुंकर मारायची. फुंकरीने गेला तर ती धूळ. नाही गेला तर तो निगेटिव्हमध्येच आहे, मग ब्रश. हे मी हजारदा ऐकलंय, जेवतानासुद्धा.

मग धुळीवरून गाडी माणसांच्या चेहऱ्यावर आली. तीळ, पुटकुळ्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं साफ. ह्यांच्या हाताखालून गेलेला माणूस फोटोत इतका गुळगुळीत व्हायचा की खिडकीमागचा कारकून त्याला म्हणायचा, हे तुमचे धाकटे भाऊ का. माझ्या डाव्या भुवईवर लहानपणी पडल्याची खूण आहे. आमच्या घरातल्या एकाही फोटोत ती नाही. मी कधी विचारलं नाही. म्हटलं असू दे, ह्यांच्या डोळ्यांना नसेल दिसत.

आणि दुसरं एक पालुपद. घरात फोटो, निगेटिव्ह, काहीही चकचकीत हातात घेतलं की मागून आवाज येणारच, ‘कडेने धर, बोटं उमटतील.’ एकदा मी नवीन ताट पुसत होते, तरी आवाज आला.

दोन वर्षांपूर्वी ह्यांना खोकला झाला. महिना झाला तरी हटेना, तेव्हा कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढायला सांगितला. हे एकटेच गेले, एकटेच आले आणि संध्याकाळी फिल्म घरी आणून टेबलावर ठेवली. मी ती उचलली आणि खिडकीत धरली. कडेने.

ही माझी खोड आहे आणि तिला कारण आहे. माझे वडील छातीच्या दुखण्याने गेले. त्यांच्या फुप्फुसावरचा डाग मी अशीच खिडकीत फिल्म धरून पाहिला होता, कुणीही काही सांगायच्या आधी. स्वयंपाकघरात उभी होते, एकोणीस वर्षांची. तेव्हापासून घरात कुणाचीही फिल्म आली की ती आधी खिडकीत जाते, मग कपाटात. तर ह्यांची फिल्म बघितली आणि जीव भांड्यात पडला. दोन्ही फुप्फुसं काळीभोर, स्वच्छ, धुतल्यासारखी. रिपोर्टचा कागद कुठाय विचारलं, तर म्हणे दुकानात राहिला, साधा खोकला आहे म्हणालेत. खोकला पुढे आपोआप गेला. मीही विसरले.

ह्या वर्षी तो परत आला. कोपऱ्यावरचे डॉक्टर आता घरी बसलेत, त्यांच्या खुर्चीवर त्यांची सून बसते. तिने नवा एक्स-रे काढून घेतला, चष्मा पुसून पुन्हा बघितला आणि म्हणाली, ‘काका, उजव्या बाजूला एक छोटा डाग दिसतोय. सीटी स्कॅन करून घेऊ. जुनी एखादी फिल्म असेल तर सोबत न्या, फार उपयोग होतो.’

‘जुनं काही नाही,’ हे पटकन म्हणाले. ‘रद्दीत गेलं.’

मी जिवंत असताना ह्या घरातून काही रद्दीत जाईल? ह्यांच्या पहिल्या चष्म्याची मोडकी काडी माझ्याकडे आहे. त्या एक्स-रेवाल्याने मध्यंतरी दुकान बंद केलं आणि तो लेकीकडे राहायला गेला, तेव्हा दुसरी प्रत मिळायची सोय नव्हती, पण आमची फिल्म कपाटावरच्या सुटकेसखाली सुखरूप होती. मी ती काढून, पाकिटावरची धूळ झटकून, विजयी मुद्रेने ह्यांच्यापुढे धरली. ह्यांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं स्कॅनच्या सुईला घाबरलेत. सुईला ते घाबरतातच.

पुढचा आठवडा कसा गेला ते मलाच माहीत. रक्त तपासलं, कारण म्हणे शिरेतून औषध सोडणार, ते मूत्रपिंडाला झेपेल का बघायला हवं. हे रोज मला विचारायचे, ‘नळीत घालतात का गं? मला कोंडल्यासारखं होतं.’ डार्करूमच्या काळोखात पंचवीस वर्षं काढलेला माणूस हे विचारतोय.

ठरलेल्या दिवशी चार तास आधीपासून पोटात काही नको होतं. सकाळचा चहा चुकला, तर ह्यांनी असं तोंड केलं की जणू मीच तो नियम काढलाय. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर लांबलचक व्हरांडा, भिंतीला लावलेल्या खुर्च्या आणि प्रत्येक खुर्चीत एकेक गप्प माणूस. तिथे एक फॉर्म भरायचा होता. कशाची अॅलर्जी आहे का, दमा आहे का, साखरेच्या गोळ्या चालू आहेत का, पूर्वी असं औषध टोचल्यावर त्रास झाला होता का. शेवटी विचारलं होतं, गरोदर आहात का. हे पेन थांबवून म्हणाले, ‘इथे काय लिहू?’

‘पाचवा महिना लिहा,’ मी म्हटलं. ‘पोटावरून पटेल त्यांना.’

मग स्कॅन करणारी टेक्निशियन बाई आली. पन्नाशीची, ठसठशीत, सकाळपासून बरीच माणसं आडवी केलेली. घड्याळ काढा, पट्टा काढा, गळ्यातलं काढा, कवळी असेल तर तीही काढा. ह्यांना पाठीमागे नाड्या असलेला झगा दिला. चाळीस वर्षं लोकांना ‘कॉलर नीट करा’ म्हणणारा माणूस मागून सताड उघडा होऊन व्हरांड्यात उभा राहिला. बाईने हाताच्या शिरेत सुई घालून त्यावर बारीक नळी चिकटवली. हे भिंतीकडे बघत होते. जुनी फिल्म मी बाईच्या हातात दिली, म्हटलं डॉक्टरांना द्या, मी सगळं जपून ठेवते. स्वतःची पाठ थोपटायला हात पुरत नव्हता, एवढंच.

आतलं मला ह्यांनी नंतर सांगितलं, तेव्हा त्यातलं निम्मं वजा करून सांगते.

कोंडून घालणारी नळीबिळी काही नव्हती. ट्रकच्या टायरएवढं एक उभं कडं आणि त्यातून आत-बाहेर सरकणारी अरुंद गादी. दोन्ही बाजूंनी मोकळं. ह्यांना उताणं झोपवलं, हात डोक्याच्या वर घ्यायला लावले आणि बाई काचेपलीकडे जायला निघाली. जाताना म्हणाली, ‘काका, हलू नका.’

चाळीस वर्षांत हे वाक्य ह्यांना कुणी उलट ऐकवलं नव्हतं. जरा लागलंच म्हणे. म्हणून ह्यांनी धंद्यातली माणसं एकमेकांना सांगतात तसं तिला सांगितलं, ‘तुमचा दिवा सरळ वरून येतोय, डोळ्यांखाली सावली पडेल.’

‘आम्हाला डोळे नकोत काका,’ बाई म्हणाली. ‘छाती हवी.’

मग यंत्रातला आवाज बोलला, श्वास घ्या, रोखून धरा. गादी सरकली, कडं आतल्या आत घरघरलं. आवाज म्हणाला, श्वास सोडा. ह्यांनी सोडला नाही. का, तर फोटो काढणाऱ्याने ‘झालं’ म्हटल्याशिवाय मॉडेलने हलायचं नसतं, आणि यंत्र ‘झालं’ म्हणालं नव्हतं. चेहरा जांभळा व्हायला लागला तेव्हा बाईच काचेमागून माईकवर म्हणाली, ‘काका, झालं. जगा आता.’

दुसऱ्या खेपेला शिरेतून औषध सोडलं. बाईने आधी सांगून ठेवलं होतं की अंग एकदम गरम होईल, तोंडाला लोखंडाची चव येईल आणि लघवी झाल्यासारखं वाटेल, पण झालेली नसेल. सगळं तसंच झालं. तरी बाहेर आल्यावर माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाले, ‘मागून बघ जरा.’ मी बघितलं. कोरडं होतं. बाकी जे दिसायचं ते दिसतच होतं.

सगळं मिळून दहा मिनिटं. एवढ्यासाठी आठवडाभर माझी झोप उडवली होती.

पण सुई लगेच काढत नाहीत. औषधाने पुरळबिरळ येत नाही ना ते बघायला अर्धा तास बसवून ठेवतात, आणि पाणी प्या म्हणतात, म्हणजे ते औषध वाहून जातं. हे झग्यातच बसून पाणी पीत होते. एक बाटली झाली, दुसरी झाली. एरवी डॉक्टरकडे गेले की तिथल्या भिंतीवरच्या फोटोंना नावं ठेवतात. आज तिकडे लक्षच नाही. नजर फक्त रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांच्या दारावर.

दार उघडलं. डॉक्टर तरुण होते, चष्मा कपाळावर चढवलेला, हातात आमची जुनी फिल्म. त्यांनी ती कडेने धरली होती, एवढं माझ्या लक्षात आलं.

‘ही दोन वर्षांपूर्वीची ना? ह्यांचीच?’

‘ह्यांचीच,’ मी म्हटलं. ‘एकदम स्वच्छ आहे की नाही?’

‘तीच अडचण आहे,’ डॉक्टर म्हणाले. ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले, आणि डॉक्टर आपणहून शेजारी येऊन बसले की काय समजायचं ते मला वडिलांच्या वेळेपासून ठाऊक आहे. ‘आज उजव्या फुप्फुसात अकरा मिलीमीटरचा डाग आहे. दोन वर्षांपूर्वी तो असता आणि एवढाच असता, तर मी म्हटलं असतं, जुनी खूण आहे, लक्ष ठेवू. पण ह्यात काहीच नाही. म्हणजे तो नवा आहे आणि एवढ्यात इतका वाढलाय. सुईने तुकडा काढून तपासावा लागेल. कदाचित सरळ ऑपरेशनच. मी तुमच्या डॉक्टरांना आत्ताच फोन करतो.’

मला त्यांचे ओठ दिसत होते, ऐकू येत नव्हतं. मी त्या स्वयंपाकघरात होते, एकोणीस वर्षांची.

‘थांबा,’ हे म्हणाले. ‘त्या फिल्मवर जाऊ नका.’

‘का? दुसऱ्या कुणाची आहे?’

‘माझीच आहे.’ ह्यांनी पाण्याची बाटली खाली ठेवली. ‘पण मी ती रिटच केलीय.’

व्हरांड्यातली गप्प माणसं खुर्चीत पुढे सरकली. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत सरळ प्रश्न होता की पेशंटला छातीच्या विभागात पाठवायचं की डोक्याच्या.

‘तिरकी धरा,’ हे म्हणाले. ‘समोरून नाही, तिरकी. उजवीकडे, दोन बरगड्यांच्या मध्ये. चमक कमी दिसेल.’

डॉक्टरांनी फिल्म तिरकी केली. बोटाच्या पेराएवढी जागा मंद दिसत होती, बाकी फिल्म लखलखीत.

‘पण इथे बरगडीची कड जाते,’ डॉक्टर म्हणाले. ‘ती तर सलग दिसतेय.’

‘तीच अवघड होती,’ हे म्हणाले. आणि मी देवाशपथ सांगते, त्या क्षणीसुद्धा, त्या झग्यात, ह्यांच्या आवाजात अभिमान होता.

ह्यांनी कापूस आणि पाणी मागितलं. डॉक्टरांच्या खोलीत फिल्म बघायचा दिव्याचा डबा होता, त्यावर फिल्म लावली. हे चष्मा नाकावर घेऊन वाकले. मी मागे झग्याच्या दोन्ही कडा आवळून उभी राहिले, कारण संसार म्हटला की कुणीतरी ते करावंच लागतं. रंग फिल्मच्या वर बसलेला असतो, आत मुरत नाही, त्यामुळे ओल्या कापसाने निघतो, पण घासायचं नाही. बाहेरून आत, हलके हलके, गोल. कापूस करडा झाला. दुसरा घेतला. आयुष्यभर हा माणूस डाग झाकत आला, आणि आज त्याच हाताने, तेवढ्याच निगुतीने, स्वतःचा डाग उघडा करत होता. हात अजिबात हलत नव्हता.

मग तो दिसला. पांढरा, वाटोळा, वाटाण्यापेक्षा थोडा मोठा. दोन वर्षं तो तिथेच होता, माझ्या कपाटावर, सुटकेसखाली.

डॉक्टरांनी फिल्मच्या कडेला छापलेल्या मापाशी पट्टी लावून मोजलं. पुन्हा मोजलं. कॉम्प्युटरवर आजचं चित्र मोठं केलं, पुन्हा पट्टीकडे बघितलं. आम्ही दोघं श्वास रोखून उभे होतो आणि ‘सोडा’ म्हणायला यंत्र नव्हतं.

‘अकरा,’ डॉक्टर म्हणाले. ‘तेव्हाही अकरा, आत्ताही अकरा. जागचा हललेला नाही. आणि आजच्या स्कॅनमध्ये तो आतून चुन्यासारखा घट्ट दिसतोय. मला वाटतं कधीतरी होऊन गेलेल्या संसर्गाची खूण आहे ही. आता सुई नको. मी तसं लिहून देतो. सहा महिन्यांनी एकदा परत स्कॅन करा, आणि कृपा करून त्या फिल्मला घरी हात लावू नका.’

म्हणजे चाळीस वर्षांत ह्यांचं ‘हलू नका’ मनापासून ऐकणारा एकच निघाला, तो डाग.

सुई निघाली, कपडे चढले, आम्ही रिक्षात बसलो. फिल्मचं पाकीट माझ्या मांडीवर. घरी पोचेपर्यंत दम धरायचा असं ठरवलं होतं. पहिल्या सिग्नललाच सुटला.

‘धूळ वाटली ना तुम्हाला?’ मी विचारलं. सुटायला एक वाट ठेवली होती मी. हो म्हणाले असते तर मी मूर्ख, वेंधळे, जे तोंडाला येईल ते बोलून मोकळी झाले असते. धूळ समजून रंग भरला, धंद्याची सवय, विषय संपला.

हे बाहेर बघत होते. म्हणाले, ‘आधी फुंकर मारली होती.’

पुढे काही बोलायची गरजच नव्हती. हजारदा ऐकलेलं वाक्य, जेवतानासुद्धा. फुंकरीने गेला नाही, म्हणजे हा माणूस त्याच क्षणी समजला होता की डाग फिल्मवर नाही, आपल्यात आहे. आणि मग त्याने ब्रश उचलला.

‘त्या डॉक्टरांनी तेव्हाच स्कॅन सांगितला होता?’

‘हो.’

‘आणि गेला नाहीत.’

‘गेलो असतो तर तुला कळलं असतं. तू फिल्म खिडकीत धरणार होतीस,’ हे म्हणाले. ‘मला माहीत होतं. वडिलांची धरली होतीस तशी. तुझं तोंड मला बघायचं नव्हतं.’

‘आणि तो वाढला असता तर? दोन वर्षं फुकट गेली असती. मला कधी कळणार होतं, सगळं संपल्यावर?’

मला इतका राग आला होता की ते पाकीट ह्यांच्या डोक्यात घालावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी रडू आवरत नव्हतं. दोन वर्षं हा माणूस माझ्या शेजारी झोपला, चहाला नावं ठेवली, लोकांना हनुवटी खाली घ्यायला सांगितली, आणि रोज मनात एक प्रश्न घेऊन उठला, तो वाढला असेल का. एकटा. माझं तोंड बघायला लागू नये म्हणून. प्रेमाचा हा असला प्रकार कुणाच्या वाट्याला येऊ नये. आणि माझ्या वाट्याला आला ह्याचं मला, खरं सांगते, बरंही वाटत होतं, आणि त्याचा आणखी राग येत होता.

मी पाकिटातून फिल्म काढली. रिक्षाच्या उघड्या बाजूने ऊन येत होतं, त्यात धरली. दोन काळी फुप्फुसं, उजवीकडे तो पांढरा ठिपका. नीट बघितला. घाबरले नाही. मग अंगठा घेतला आणि बरोब्बर त्या ठिपक्यावर दाबला, चांगला जोर देऊन.

ह्यांनी वळून बघितलं. अंगठ्याकडे, मग माझ्याकडे, माझ्या डाव्या भुवईकडे. तोंड उघडलं आणि मिटलं.

‘बोला,’ मी म्हटलं. ‘बोटं उमटतील.’

‘असू दे,’ हे म्हणाले.